पाच दिवसांची मोजणी: इंदूरमधील एका वकील कार्यालयाचे परीक्षण

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या पात्रतेवरून वाद उद्भवल्यास इंदूरमध्ये कोणाकडे जावे, हे गेल्या काही महिन्यांत मला ओळखीच्या तीन घरांनी विचारले. प्रत्येकाला फोनवर अर्धेमुर्धे सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढावे, म्हणून हे परीक्षण. कार्यालय महात्मा गांधी मार्गाच्या परिसरात, उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापासून पायी सात-आठ मिनिटांवर आहे. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या छत्तिसाव्या नियमानुसार वकिलाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करता येत नाही, आणि वकिलांची सेवा वस्तूप्रमाणे मांडून तिला तारे देणाऱ्या संकेतस्थळांवर मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये कडक ताशेरे ओढले आहेत. माझ्या कौतुकापायी त्यांना कोणी नोटीस धाडावी, अशी माझी इच्छा नाही. ज्याला खरोखर गरज आहे त्याला तो जिना आपोआप सापडेल, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यावर डॉक्टरांच्या आईवडिलांची रांग लागलेली असते.

परीक्षण लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी असा निर्णय दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे वकिलाने काम बिघडवले तर अशील ग्राहक आयोगाकडे जाऊ शकत नाही. डॉक्टर मात्र १९९५ सालापासून त्याच कायद्याखाली आहेत. माझी मुलगी डॉक्टर असल्याने हा विरोधाभास मला जरा जास्तच टोचतो: तिचा रुग्ण तिला ग्राहक आयोगात खेचू शकतो, पण ती तिच्या वकिलाला खेचू शकत नाही. तेव्हा वकील निवडताना आधी चौकशी करणे आणि नंतर इतरांना खरे सांगणे, एवढेच आपल्या हाती उरते.

आमचा वाद पाच दिवसांचा होता. मुलीने प्रदेशातीलच एका महाविद्यालयातून एमबीबीएस केले आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी तिची इंटर्नशिप सुरू झाली. ती ३१ जुलै २०२५ रोजी संपायला हवी होती, आणि नीट-पीजी २०२५ साठी, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी, इंटर्नशिप पूर्ण करण्याची अंतिम तारीखही नेमकी तीच, ३१ जुलै, होती. परीक्षा ३ ऑगस्टला झाली, निकाल लागला, गुण चांगले होते. ऑगस्टच्या अखेरीस महाविद्यालयाने जे पूर्णता प्रमाणपत्र हातात दिले, त्यावर मात्र इंटर्नशिप संपल्याची तारीख ५ ऑगस्ट अशी होती. ऑक्टोबरात तिला डेंग्यू झाला होता आणि तिने रजा घेतली होती. अनुज्ञेय रजेपेक्षा पाच दिवस जास्त गैरहजेरी भरते, सबब तेवढा काळ वाढवला आहे, असे कारण तोंडी सांगण्यात आले. मुलीचे म्हणणे असे की फेब्रुवारीत ती सहा दिवस ग्रामीण आरोग्य केंद्रावर कामावर होती, तेथील हजेरीपटावर तिच्या सह्या आहेत, पण तो हजेरीपट महाविद्यालयाच्या विभागात पोहोचलाच नाही आणि ते सहा दिवस गैरहजेरीत धरले गेले. तिने दोनदा लेखी अर्ज दिला. दोन्ही वेळा विभागातील लिपिकाने आपल्याकडची नोंद अंतिम असल्याचे सांगून तिला परत पाठवले.

वकिलाकडे जाण्याआधी आम्ही एक चूक केली, तीही सांगितली पाहिजे. भंवरकुआँ भागात प्रवेश सल्लागारांची जी दुकाने आहेत त्यांपैकी एकाकडे आम्ही पंचवीस हजार रुपये भरले. त्याने सार्वजनिक संकेतस्थळावरील गेल्या वर्षीच्या जागावाटपाच्या याद्या रंगीत छापून फाइलमध्ये घालून दिल्या, अंतिम तारीख दर वर्षी वाढते त्यामुळे काळजी करू नये असे सांगितले, आणि वर उरलेले पैसे जागा मिळाल्यावरच द्या अशी सवलतही देऊ केली. ही सवलत ऐकायला गोड वाटते. विधिज्ञ परिषदेच्या नियमांप्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरवताच येत नाही, हे मला नंतर कळले. जो माणूस अशी बोली करतो तो आपले काम वकिलाचे नाही हेच सांगत असतो, एवढे तेव्हा लक्षात आले असते तर बरे झाले असते.

वकील कार्यालयातील पहिली भेट सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. ज्येष्ठ वकील हिंदीत बोलतात. त्यांच्या हाताखालच्या वकीलबाई मात्र रामबागेत वाढलेल्या असल्याने त्यांच्याशी सगळे व्यवहार मराठीत झाले, आणि त्यांनी मला पहिल्या दिवसापासून काकू म्हणून हाक मारली. पहिला प्रश्न महाविद्यालय कोणत्या जिल्ह्यात आहे हा होता. उज्जैन, रतलाम, देवास असते तर याचिका इंदूर खंडपीठापुढे चालते, ग्वाल्हेर असते तर तिकडच्या खंडपीठापुढे, आणि रीवा असते तर थेट जबलपूरच्या मुख्य पीठापुढे जावे लागते. आमचे इंदूरच्या हद्दीत होते. दुसरा प्रश्न असा की हजेरीपटाची प्रत तुमच्याजवळ आहे का. ती नव्हती. माहितीच्या अधिकारात अर्ज करावा का, असे मी विचारले, तर त्या कायद्यात उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे आणि तेवढा वेळ आपल्याकडे नाही, असे त्यांनी सांगितले. मुलीने स्वतः आरोग्य केंद्रात जाऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून साक्षांकित प्रत आणावी, ती हातात आल्यावरच वकालतनामा, म्हणजे वकीलपत्र, घेऊ, तोवर फक्त सल्ल्याचे तीन हजार रुपये द्यावेत, असे ठरले. माझ्या मते या कार्यालयाला गुण द्यायचे ते इथेच. आम्ही ज्या अवस्थेत गेलो होतो त्या अवस्थेत त्यांनी साठ हजारांचा आकडा सांगितला असता तरी मी त्याच क्षणी धनादेश लिहिला असता.

खरी किंमत मात्र त्या भेटीतील एका वाक्याची होती. मी घरून ठरवून गेले होते की अंतिम तारखेलाच आव्हान द्यायचे: पाच दिवसांसाठी एका हुशार मुलीचे वर्ष बुडवणारी तारीख अन्यायकारक नाही तर काय? वकिलांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले की तारखेशी आपले भांडण नाही, आपले भांडण मोजणीशी आहे. मग त्यांनी तारखांचा इतिहास सांगितला. २०२२ मध्ये इंटर्नशिपची अंतिम तारीख ३१ मे होती ती ३१ जुलै झाली. २०२३ मध्ये ३१ मार्चची ३० जून आणि तिची पुढे ११ ऑगस्ट झाली. म्हणजे सल्लागार अगदीच खोटे बोलत नव्हता. पण या तारखा सरकारने हलवल्या आहेत, आणि सरकार त्या हजारो उमेदवारांसाठी हलवते, एकीसाठी नव्हे. न्यायालय स्वतःहून वेळापत्रकाला हात लावायला किती नाखूश असते याची दोन उदाहरणे त्यांनी दिली. २०२३ ची परीक्षा पुढे ढकलण्याच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२३ रोजी फेटाळल्या. आणि त्याआधी जून २०२२ मध्ये, नीट-पीजी २०२१ च्या १,४५६ जागा रिकाम्या राहिलेल्या असतानाही, काउन्सेलिंगची, म्हणजे जागावाटपाची, आणखी एक विशेष फेरी घेण्याचा आदेश द्यायला त्याच न्यायालयाने नकार दिला, कारण अभ्यासक्रम सुरू होऊन बराच काळ लोटला होता. रिकाम्या जागांसाठी जे वेळापत्रक वाकले नाही ते तुमच्या मुलीसाठी वाकणार नाही, हे ऐकताना वाईट वाटले, पण पटलेही.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आहे. कर्जखात्यावर व्याज आकारताना पहिला दिवस धरायचा की शेवटचा, यावरून शाखेत किती वाद होत ते मला ठाऊक आहे. आणि असा वाद व्याजाचा दर अन्यायकारक आहे असे ओरडून सुटत नाही, खातेवही उघडूनच सुटतो. वकिलांचे म्हणणे मला इतक्या लवकर पटण्याचे कारण बहुधा तेच असावे.

घाई का करायची, हेही त्यांनी नीट समजावले. उमेदवाराचा दोष नसताना प्रवेश नाकारला गेला तर काय करावे, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाचा डिसेंबर २०१९ चा निर्णय आहे. तो एमबीबीएसच्या प्रवेशाविषयीचा असला तरी त्यातील कसोटी सर्वत्र वापरली जाते: उमेदवार विनाविलंब न्यायालयात आला का, त्याच्याकडून काही चूक झाली का, आणि नियम मोडून त्याचा हक्क डावलला गेला का. वर्षभरानंतर, डिसेंबर २०२० मध्ये, पदव्युत्तर शस्त्रक्रियेच्या जागेवरून आलेल्या एका प्रकरणात हीच दृष्टी ठेवून न्यायालयाने महाविद्यालयाला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि उमेदवाराला पुढील वर्षीची जागा दिली. त्याच वर्षी नवी जागा निर्माण करून देणे मात्र मान्य केले नाही. म्हणजे पूर्ण विजय मिळाला तरी वर्ष जाऊ शकते. म्हणून काउन्सेलिंग सुरू होण्याआधी प्रमाणपत्र दुरुस्त होणे हाच खरा विजय, बाकी सगळे सांत्वन, असे त्यांचे गणित होते.

त्यांच्या प्रतीक्षाकक्षात बसणे हेही एक शिक्षण आहे. आलीराजपूरकडच्या सरकारी सेवेतील एक डॉक्टर दोन वेळा भेटले. दुर्गम भागातील सेवेबद्दल प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर दर वर्षाला दहा टक्के, आणि जास्तीत जास्त तीस टक्के, प्रोत्साहन गुण मिळण्याची जी पद्धत आहे, तिच्यातील एका वर्षाचे गुण आपल्याला नाकारले गेले अशी त्यांची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये असे ठरवले होते की या बाबतीत केंद्रीय नियमच परिपूर्ण आहेत आणि राज्याला सेवेतील डॉक्टरांसाठी वेगळा कोटा ठेवता येत नाही. पुढे ३१ ऑगस्ट २०२० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांना तसा कोटा ठेवण्याचा अधिकार असल्याचे सांगितले. एकाच प्रश्नावर चार वर्षांत असे वळण आल्यावर आदिवासी भागात रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टराने कोणता निर्णय पाठ करून ठेवावा, हा प्रश्न त्यांनी मला विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसरे होते तिलकनगरातील एक गृहस्थ, आपल्याच मराठी मंडळींपैकी. त्यांच्या मुलाने महाराष्ट्रातून एमबीबीएस केले आहे आणि आता त्याला मध्य प्रदेशाच्या कोट्यातून, इथला रहिवासी म्हणून, पदव्युत्तर जागा हवी होती. वकिलांनी त्यांना २९ जानेवारी २०२५ चा निर्णय वाचायला दिला. चंदीगडच्या महाविद्यालयातून उद्भवलेल्या त्या वादात तीन न्यायमूर्तींनी असे स्पष्ट केले आहे की पदव्युत्तर वैद्यकीय जागांवर रहिवासाच्या आधारे आरक्षण देणे हा समतेच्या हक्काचा भंग आहे. संस्थेतूनच शिकलेल्या विद्यार्थ्यांना वाजवी प्रमाणात प्राधान्य देता येते, रहिवाशाला नाही. मुलगा बाहेर शिकलेला, म्हणजे त्याला हे दोन्ही दरवाजे बंद. गृहस्थ थोडे रागावून बाहेर पडले, आणि त्यांच्याकडून फक्त सल्ल्याचे शुल्क घेतले गेले. चालणार नाही ती याचिका न घेणारे कार्यालय या दिवसांत दुर्मीळ आहे.

वकिलांच्या खोलीतील कपाट पाहून माझ्या मनात एक गोष्ट आली, ती विषयाला सोडून नाही म्हणून लिहिते. वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यांत मध्य प्रदेशाचे नाव वारंवार येते. पदव्युत्तर प्रवेशाचा किमान दर्जा राज्ये मनाप्रमाणे खाली आणू शकत नाहीत असे सांगणारा १९९९ चा घटनापीठाचा निर्णय मध्य प्रदेश शासनाविरुद्धच्या याचिकेवरचा आहे, आणि खासगी व्यावसायिक महाविद्यालयांच्या प्रवेशावर व शुल्कावर नियंत्रण ठेवणारा राज्याचा २००७ चा कायदा वैध ठरवणारा २ मे २०१६ चा निर्णय तर इंदूरच्याच एका दंतमहाविद्यालयाच्या नावाने ओळखला जातो. त्यामुळे असल्या प्रकरणांसाठी दिल्लीलाच धावले पाहिजे हा समज सोडून द्यावा. या शहरातील काही कार्यालयांना हा विषय तीन पिढ्यांचा आहे.

आता उणिवा, आणि त्या लहान नाहीत. याचिकेचा पहिला मसुदा दोन दिवसांत तयार झाला, ही तत्परता मान्य. पण त्यात फेब्रुवारी २०२५ ऐवजी फेब्रुवारी २०२४ असे छापले होते. ज्या याचिकेचा सारा प्राण तारखांत आहे, तिच्यात वर्षच चुकावे! फेब्रुवारी २०२४ मध्ये तर मुलीची इंटर्नशिप सुरूही झालेली नव्हती. मुलीच्या नोंदणी क्रमांकातही एक अंक उलटा पडला होता. या दोन्ही गोष्टी मी पकडल्या, त्यांच्या कार्यालयाने नव्हे, आणि शपथपत्रावर सही तिची होणार होती. वकीलबाईंनी मनापासून क्षमा मागितली व मसुदा त्याच संध्याकाळी बदलून दिला. तरी माझा आग्रह आहे की तिथे जाणाऱ्याने मसुद्याचे प्रत्येक पान स्वतः, हातात पेन्सिल धरून, मूळ कागदाशी ताडून पाहावे.

दुसरी उणीव पैशांच्या हिशेबाची. याचिकेचे पंचावन्न हजार ठरले होते. दुसऱ्या सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी मुन्शींनी फोन करून सांगितले की उद्या आणखी एका ज्येष्ठ वकिलांना उभे करायचे आहे आणि त्यांचे वीस हजार वेगळे. अशा वेळी अशील नाही म्हणू शकत नाही, हे त्यांनाही माहीत असते आणि आपल्यालाही. गरज होती का, तर माझ्या मते नव्हती. ते ज्येष्ठ वकील न्यायालयात चार मिनिटेही बोलले नसतील. टंकलेखन, छायाप्रती आणि मुद्रांक यांचा खर्च किती झाला याचा तपशील मागितल्यावर एका चिठ्ठीवर एकच बेरीज लिहून आली. बँकेत मी अशी चिठ्ठी परत पाठवली असती.

सुनावणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पहिल्या तारखेला महाविद्यालयाच्या वकिलांना माहिती घेऊन येण्यास सांगण्यात आले. दुसऱ्या तारखेला आरोग्य केंद्राच्या हजेरीपटाची साक्षांकित प्रत न्यायालयापुढे ठेवली गेली, आणि याचिका निकाली काढताना महाविद्यालयाने तो हजेरीपट विचारात घेऊन दहा दिवसांच्या आत कारणांसह लेखी निर्णय द्यावा असा आदेश झाला. मुलगी पात्र आहे असे न्यायालयाने म्हटले नाही, आणि तसे म्हणावे अशी आपली मागणीच नव्हती, याची आठवण वकीलबाईंनी मला तिथल्या तिथे करून दिली. सातव्या दिवशी महाविद्यालयाने सुधारित प्रमाणपत्र दिले. सहा दिवस हजेरीत धरल्यावर जादा गैरहजेरी उरलीच नाही, उलट एक दिवस हाताशी राहिला, आणि समाप्तीची तारीख ३१ जुलै झाली. तेव्हा काउन्सेलिंगची नोंदणी अजून सुरू व्हायची होती. पुढे तिला कोणती शाखा मिळाली, हा या परीक्षणाचा विषय नाही.

कार्यालयाच्या सोयींविषयी थोडक्यात. ते तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी फोन केला तर वकीलबाई कागद पाहायला खाली येतात, हे मी स्वतः अनुभवले आहे. सकाळी साडेदहा ते सायंकाळी पाच या वेळेत कोणीही फोन उचलत नाही, कारण सगळे न्यायालयात असतात. रात्री साडेनऊनंतर मात्र प्रत्येक संदेशाचे उत्तर येते. याचिकेची सारी कागदपत्रे इंग्रजीत असतात आणि चर्चा हिंदीत, त्यामुळे घरातील ज्येष्ठांना काही समजून घ्यायचे असेल तर वकीलबाईंची वेळ मागून घ्यावी. सर्व कागदांच्या चार चार छायाप्रती घरूनच न्याव्यात. खालच्या दुकानातील यंत्र दुपारी बंद असते आणि वाहन लावायला जागा मिळणे हा त्या रस्त्यावर नशिबाचा भाग आहे.

पाचपैकी मी चार गुण देते. अर्धा गुण त्या चुकलेल्या वर्षासाठी कापला आहे आणि अर्धा वीस हजारांच्या फोनसाठी. आदेशाची प्रमाणित प्रत मिळायला तीन आठवडे लागले. शुल्काची पावती तीनदा आठवण दिल्यानंतर नोव्हेंबरात आली. तिच्यावर माझ्या आडनावाचे स्पेलिंग चुकले आहे, आणि ती तशीच फाइलला लावून ठेवली आहे.